ऐंशी डाव्या बाह्या

मास्टरीणीला रात्री झोप येत नाही ही गोष्ट सगळ्या इमारतीला ठाऊक होती, आणि इमारतीला त्या गोष्टीचं भारी कौतुक होतं. आता काय बोलायचं या लोकांना! एखादीचा गुडघा दुखला तर चौघी विचारतात, औषध काय घेतेस. हिची झोप उडाली तर म्हणायला लागले, काय बाई उरक हिचा, एवढं काम करते तरी कधी. कधी म्हणजे? तुम्ही घोरत असता तेव्हा करते. वरच्या मजल्यावरच्या काकू पडदे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तू नाहीतरी जागीच असतेस, एवढ्या कडा मारून दे. धाकट्या जावेने मुलींचे फ्रॉक सैल करायला पाठवले. समोरच्या दुकानदाराच्या पँटा तर दर महिन्याला यायच्या, कारण त्याचं पोट काही एका जागी थांबत नव्हतं. मास्टरीण कुणालाच नाही म्हणायची नाही. अंथरुणात पडून छताकडे बघत राहण्यापेक्षा पडद्याच्या कडा बऱ्या, असं तिचं म्हणणं.

तीन वर्षं हे असं चाललं होतं. आधी झोप उशिरा यायला लागली. मग आलेली झोप तीनच्या सुमारास मोडायला लागली, आणि एकदा मोडली की उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. शेजारी नवरा. तो पाण्याच्या मीटरचे आकडे घेणारा, दिवसभर जिने चढणारा-उतरणारा माणूस. त्याने पाठ टेकली की घोरणं सुरू, मध्ये श्वास घ्यायचीही उसंत नाही. मास्टरीण त्याच्याकडे बघायची आणि तिला राग यायचा, मग रागाचीच लाज वाटायची, मग ती उठून मशीनवर जाऊन बसायची.

तिला मास्टरीण म्हणायचे, कारण शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंग मास्टर होती. बावीस वर्षं. वीस जणी शिवायला, आणि त्या विसांच्या पुढ्यात जे कापड पडायचं ते हिच्या एकटीच्या हातून. काम असं की लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, तीस-चाळीस थर. सगळ्यात वरच्या थरावर पुठ्ठे ठेवायचे, म्हणजे पुढचा भाग, पाठ, कॉलर, बाही यांचे पुठ्ठ्यात कापलेले आकार. त्यांच्या कडेने खडूची रेघ ओढायची, आणि मग कापायचं मशीन त्या रेघेवरून सगळ्या थरांमधून एकदम न्यायचं. कोपरे मोठ्या कात्रीने. शिवणारीचं चुकलं तर तिला उसवता येतं. कापणारीचं चुकलं तर एकदम चाळीस ठिकाणी चुकतं, आणि ते कुणाला जोडता येत नाही.

म्हणून त्या कारखान्यात पूर्वी एक पद्धत होती. हिला ज्याने काम शिकवलं तो म्हातारा मास्टर रेघा ओढून झाल्या की खडू ठेवायचा, टेबलापासून दोन पावलं मागे सरायचा आणि कुणाला तरी हाक मारायचा, 'ये, वाच.' ज्याला हाक मारली त्याने टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत मोठ्याने बोलायचं: पाठ, पुढचा डावा, पुढचा उजवा, बाही डावी, बाही उजवी. सगळं वाचून झालं की मगच मशीनला हात. हिने तरुणपणी त्याच्यासाठी शेकडो वेळा वाचलं होतं. मास्टर गेला, ही मास्टरीण झाली, तिच्यासाठीही चार-पाच वर्षं कुणी ना कुणी वाचत होतं. पण तिची चूक काही सापडेना. वाचणाऱ्या कंटाळल्या, मालकीणबाई म्हणाल्या वेळ जातो, आणि पद्धत हळूहळू बंद पडली. बंद करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, तिला हाक मारायचं सुचलं नाही एवढंच.

तर त्या दिवशी चाळीस कोटांचं कापड होतं. गडद निळं, एका बाजूने लव असलेलं, हात फिरवला की मऊ लागणारं. पूर्वी असं कापड आलं की मास्टरीण तागा उघडून आधी गालाला लावायची. सगळ्या जणी हसायच्या, ती म्हणायची, हाताला कळत नाही ते गालाला कळतं. त्या दिवशी तिने गालाला लावलं नाही. कधीपासून लावत नव्हती, तेही तिला आठवत नव्हतं. चाळीस थर पसरले, पुठ्ठे ठेवले, रेघा ओढल्या, कापलं. गठ्ठे बांधून शिलाईला गेले.

दुपारी शिलाईच्या रांगेतली एक जण दोन बाह्या हातात धरून उभी राहिली. या हातातली बघितली, त्या हातातली बघितली. मग शेजारणीला विचारलं. मग दोघी मिळून गठ्ठ्यातल्या आणखी चार काढून बसल्या. बाहीचा पुठ्ठा एकदा सुलटा ठेवायचा, एकदा पालटून, म्हणजे डावी आणि उजवी अशी जोडी निघते. मास्टरीणीने तो दोन्ही वेळा सुलटाच ठेवला होता. ऐंशी बाह्या, आणि ऐंशीच्या ऐंशी डाव्या. साधं कापड असतं तर पालटून चाललं असतं, पण याची लव आत गेली असती आणि खरबरीत बाजू बाहेर आली असती. तागा तिथेच संपला होता, आणि दुसऱ्या ताग्याचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही.

मशीनं एकेक करून थांबली. मालकीणबाई आल्या, त्यांनी बाह्या पाहिल्या, आणि त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं सगळ्यांना वाटलं. मास्टरीण टेबलापाशी उभी होती, आणि आता खरं सांगायचं तर ती घाबरली, पण चुकीमुळे नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं, तिच्या अंगावर काटा यायला हवा होता, डोळ्यात पाणी यायला हवं होतं, निदान लाज तरी. तिला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी बाह्या असाव्यात तशी ती बघत राहिली, आणि आपल्याला काही वाटत नाही याचीच तिला भीती वाटली.

ती मालकीणबाईंच्या खोलीत गेली आणि मोठी कात्री त्यांच्या टेबलावर ठेवली. तिची स्वतःची होती ती, मुठीला कापडाची पट्टी गुंडाळलेली. म्हणाली, सहा आठवडे ही मला देऊ नका. मला झोपेचं काहीतरी झालंय, ते बघून येते. तोवर गठ्ठे बांधीन, बटणं लावीन, सांगाल ते करीन. मालकीणबाईंनी कात्री उचलून कपाटात ठेवली. मग त्यांनीही सरळ सांगितलं. थंडीच्या कोटांचं मोठं काम सात आठवड्यांनी टेबलावर येणार. तोवर किरकोळ कापायला त्यांचा भाऊ येऊन जाईल, पण त्या कामाला कायमचा माणूस लागेल. ती उभी राहिली तर ती, नाहीतर दुसरा मास्टर बघावा लागेल, आणि दुसरा आला की मग तो हलणार नाही. बोलणं कडू होतं पण त्यात लबाडी नव्हती. मास्टरीण बरं म्हणाली आणि काज-बटणांच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

तिथे काजवाली बसायची. काज करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तोंडाची टकळी तर मशीनपेक्षा जोरात. पण त्या दिवसापासून तिची टकळी बंद झाली. मास्टरीणीला बसायला जागा करून दिली, बटणांचा डबा पुढे सरकवला आणि मान खाली घालून काम करत राहिली. मास्टरीणीला वाटलं, आपल्यामुळे बिचारी अवघडली असेल.

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची एक खोली होती. आधी ज्या डॉक्टरला दाखवलं त्याने चिठ्ठी त्या खोलीची दिली तेव्हा मास्टरीण चिडली. मला वेड लागलेलं नाही, झोप लागत नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं. तो म्हणाला, चिठ्ठी आहे तर जाऊ, आत कुणी चावत नाही. खोलीत एक बारीकशी डॉक्टरीण होती, मास्टरीणीच्या मुलीच्या वयाची असेल. तिने झोपेबद्दल विचारलं, आणि मग भलतंच विचारत सुटली. जेवण जातं का? हसू येतं का? पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का? मास्टरीण प्रत्येकाला ठीक आहे, ठीक आहे म्हणत गेली. घरात काही झालं का, कुणी गेलं का, भांडण? काहीच झालेलं नाही, ती म्हणाली. मुलगी सुखात आहे, नवरा गरीब आहे स्वभावाने, काम आहे. मग डॉक्टरीणीने विचारलं, जगू नये असं कधी वाटतं का?

हा प्रश्न तिला कुणी आयुष्यात विचारला नव्हता. "मरावंसं वाटत नाही," ती म्हणाली. "पण तीन वाजता जाग येते ना, तेव्हा वाटतं, उद्या उजाडलं नाही तरी चालेल."

नवऱ्याने तिच्याकडे वळून पाहिलं. डॉक्टरीणीने पेन खाली ठेवलं. ती घाईने काही बोलली नाही, हे मास्टरीणीला आवडलं. ती वाट बघत बसली, आणि मग मास्टरीण एकदाची बोलली. तागा गालाला लावत नाही हे सांगितलं, बाह्यांचं सांगितलं, काहीच वाटलं नाही तेही सांगितलं.

डॉक्टरीण म्हणाली की झोप जाणं आणि मन विझत जाणं या दोन गोष्टी बऱ्याचदा बरोबर चालतात. कुणाची झोप आधी जाते आणि मग मन खचतं, कुणाचं मन आधी खचतं, आणि तुमचं आधी काय गेलं ते आज मला सांगता येणार नाही. पण एकीकडे लक्ष देऊन दुसरीकडे दुर्लक्ष करायचं नाही. मनासाठी एक गोळी दिली, तिला गुण यायला काही आठवडे लागतील असं बजावलं. उद्या उजाडू नये यापेक्षा पुढचं काही मनात आलं तर त्याच क्षणी नवऱ्याला उठवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा, हे दोघांकडून कबूल करून घेतलं. दर आठवड्याला यायला सांगितलं. आणि झोपेसाठी जे सांगितलं ते ऐकून मास्टरीण तिच्याकडे बघतच राहिली. बाराच्या आत अंथरुणावर जायचं नाही. सकाळी साडेपाचला उठायचं म्हणजे उठायचं, झोप झाली असो वा नसो. दिवसा डोळा मिटायचा नाही. अंथरुणात जाग आली आणि झोप येत नाही असं वाटलं की उठून खुर्चीत बसायचं, झोप आली की परत जायचं. दुपारनंतर चहा बंद. आणि रात्री शिवणकाम बंद, अगदी बंद.

"म्हणजे झोप येत नाही म्हणून आले, तर तुम्ही आहे तीही कापताय," मास्टरीण म्हणाली.

डॉक्टरीण हसली. म्हणाली, ढगळ कपडा अंगावर नीट बसवायचा तर आधी तुम्हीही आत घेताच की. हे मात्र मास्टरीणीला पटलं. कापायचंच असेल तर रेघेवर कापायचं, अर्ध्यात हात थरथरू द्यायचा नाही. तिने त्याच संध्याकाळी कारखान्यातून आणलेल्या खाकी कागदाचा लांब तुकडा भिंतीला लावला. आडव्या चाळीस रेघा, एका दिवसाची एक. झोपली तेवढा भाग खडूने भरायचा, जागी तेवढा कोरा. नवरा म्हणाला, रोज एकाच वेळी भर, नाहीतर आकडा चुकतो. मीटरचा माणूस, त्याला तेवढंच कळायचं.

मग तिने घरात साठलेले पडदे, फ्रॉक, पँटा सगळं गोळा केलं आणि ज्याचं त्याला नेऊन दिलं. काकूंना राग आला. म्हणाल्या, बसून तरी काय करणार तू रात्री? मास्टरीण म्हणाली, बसणार. जावेने फोन करून विचारलं, बरी आहेस ना. मास्टरीण म्हणाली, नाही, बरी नाही, म्हणूनच परत देतेय. जाऊ एकदम गप्प झाली, कारण या प्रश्नाला नाही असं उत्तर येतं हे तिला नवीन होतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली, तासभर बसली, आणि फ्रॉकांचा विषय काढला नाही. दुकानदार मात्र म्हणाला की पँटचं काय ते तो जेवण कमी करून बघतो. पुढे त्याने जेवण कमी केलं नाही, तो भाग वेगळा.

पहिले दोन आठवडे, काय सांगू, नुसते हाल. संध्याकाळी सातपासून झोप अशी दाटून यायची की बसल्या जागी मान पडायची. आणि बारा वाजता पाठ टेकली की कुठे गेली ती झोप कोण जाणे. बाराची वेळ सांभाळायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं होतं, आणि हा गडी साडेनऊलाच आडवा. पण त्याने घड्याळाचा गजर लावला होता. बरोबर बाराला उठायचा, डोळे चोळत बाहेरच्या खोलीत यायचा, चल, झोप आता, एवढं म्हणायचा आणि परत जाऊन घोरायला लागायचा. एक दिवस चुकला नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री मास्टरीणीला त्याच्या त्या विस्कटलेल्या केसांकडे बघून हसू फुटायला लागलं होतं, पण पुरतं फुटलं नाही.

कारखान्यात ती बटणं लावायची आणि दुपारी डोळे जड झाले की उठून उभी राहायची. उभ्याने बटणं लावायची. शिवणाऱ्या बघायच्या. बघू देत. तिने एकदाच मालकीणबाईंकडे उरलेल्या आठवड्यांची सुट्टी मागावी असं मनात आणलं होतं, आणि लगेच ते काढून टाकलं. टेबल समोर दिसत होतं, मोकळं, पुसलेलं. त्याच्याखाली फुकट गेलेल्या बाह्यांचं गाठोडं होतं. एकदा मालकीणबाई ते टाकून द्यायला निघाल्या, तर हिने टाकू दिलं नाही.

चौथ्या आठवड्यात भिंतीवरचा कागद भरायला लागला. बारा ते चार अखंड खडू. मग बारा ते साडेचार. एका रात्री तर बारा ते साडेपाच, आणि नवऱ्याने सकाळी त्या रेघेवर बोट फिरवून पाहिलं. डॉक्टरीणीने झोपेला थोडी जागा वाढवून दिली, आता पावणेबाराला. मास्टरीणीने लगेच मनात ठरवून टाकलं की झालं काम. पुढच्या वेळी दवाखान्यात ती म्हणाली, मी अगदी ठीक आहे, झोप आली, आता ती मनाची गोळी कशाला?

"ती ठीक नाही," नवरा म्हणाला.

मास्टरीणीने चमकून पाहिलं. हा माणूस कधी चारचौघांत बायकोचं बोलणं खोडत नसे. त्याचे कान लाल झाले होते पण तो बोलत राहिला. झोपते, ते खरं आहे, कागद मी रोज बघतो. पण जेवताना काय जेवतोय ते तिला कळत नाही. मुलीचा फोन आला की बोलते आणि ठेवला की भिंतीकडे बघते. पूर्वी काम करताना गुणगुणायची, तिचा आवाज काही गोड नाही, पण गुणगुणायची. तीन वर्षं ऐकलं नाही. मीटरवर जो आकडा आहे तोच लिहावा लागतो, तो म्हणाला, मला दुसरं येत नाही.

येताना मास्टरीण दहा पावलं पुढे चालत होती. रागाने तिचं तोंड तापलं होतं. तीन वर्षं बघत होता आणि तोंडातून शब्द काढला नाही, आणि आज त्या पोरीसमोर! घराच्या जिन्यावर ती थांबली आणि त्याला विचारलंच, दिसत होतं तर बोलला का नाहीत.

"मला वाटलं, तू सगळंच सांभाळतेस," तो म्हणाला, "हेही सांभाळत असशील. आणि वाटलं, मला काय कळतंय."

तो तिथेच पायरीवर बसला. आणि तिने पाहिलं की तो रडतोय. तिने शेजारी बसून त्याचा हात धरला, आणि तिलाही रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, खालच्या मजल्याचं दार उघडून कुणीतरी बघून दार लावून घेईपर्यंत. तीन वर्षांत ती रडली नव्हती. रडून डोकं दुखायला लागलं आणि भूक लागली. गोळी चालू राहिली. भिंतीवरच्या कागदावर तिने प्रत्येक रेघेच्या शेवटी एक चौकोन काढला, आणि तो नवऱ्याने भरायचा असं ठरलं. आज कशी दिसते, ते त्याने लिहायचं, तिने नाही. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, 'रागीट'. ती म्हणाली, बरोबर आहे.

सहा आठवडे झाले. ती पूर्ण बरी झाली असं मी सांगणार नाही, तसं डॉक्टरीणही म्हणाली नव्हती. आठवड्यातून दोन रात्री अजून तीनला जाग यायची. तेव्हा ती उठून खुर्चीत बसायची आणि परत जायची. पण पुढच्या सोमवारी थंडीच्या कोटांचे तागे आले, गडद हिरवे, लव असलेले, आणि मास्टरीण बटणांचा डबा ठेवून उठली. तिने एका ताग्याचं टोक उघडलं आणि गालाला लावलं. खरखरीत होतं. मागच्यापेक्षा हलका माल, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि चार मशीनं थांबली.

मालकीणबाईंनी कपाटातून कात्री काढून दिली. मास्टरीणीने ती घेतली नाही. म्हणाली, आधी एक कबूल करा, रेघा ओढून झाल्या की कुणीतरी वाचायचं, पूर्वीसारखं. प्रत्येक वेळी. मालकीणबाई म्हणाल्या, एवढं काम पुढे पडलंय, आणि इतकी वर्षं तुमच्या मागे कुणी बघितलं नाही. मास्टरीण म्हणाली, म्हणून तर. कबूल नसेल तर दुसरा मास्टर बघा. मालकीणबाई हो म्हणतील याची तिला मुळीच खात्री नव्हती. मालकीणबाईंनी हिरव्या ताग्यांच्या राशीकडे बघितलं, टेबलाखालच्या गाठोड्याकडे बघितलं, आणि वाचा म्हणाल्या.

दुपारपर्यंत चाळीस थर पसरले. पुठ्ठे ठेवले, रेघा ओढल्या. मास्टरीणीने खडू ठेवला, दोन पावलं मागे सरली आणि काजवालीला हाक मारली.

काजवाली आली पण टेबलाजवळ जाईना. तिचा चेहरा उतरला होता. दुसरी कुणी वाचू दे, ती म्हणाली. मास्टरीणीने कारण विचारलं, तर पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि मग सगळ्यांसमोर बोलून गेली.

"त्या दिवशी मी पाण्याला जात होते. रेघा दिसल्या मला. दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या होत्या. तुम्ही मशीन लावायच्या आधी."

"मग?"

"वाटलं, मास्टरीणबाई कशा चुकतील. मलाच कळत नसेल."

मास्टरीणीच्या डोक्यात सणक गेली. चाळीस कोट, सहा आठवडे बटणं, उभ्याने काढलेल्या दुपारी, आणि ही एक शब्द बोलली असती तर! तोंडापर्यंत आलेलं ती बोलणार होती. मग तिला जिन्यातली पायरी आठवली, आणि मला काय कळतंय म्हणणारा नवरा. दोघांनी पाहिलं होतं आणि दोघेही तिच्या कसबाला मान देऊन गप्प बसले होते. आणि विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? ठीक आहे म्हणाली असती.

"तू बोलली असतीस तरी मी तुला उडवून लावलं असतं," मास्टरीण म्हणाली. "आता नाही लावणार. वाच."

काजवालीने डोळे पुसले आणि टेबलाच्या टोकाला गेली. आधी हळू, मग मोठ्याने वाचत निघाली. पाठ. पुढचा डावा. पुढचा उजवा. बाही डावी. इथे ती थांबली, खाली वाकली, रेघेवरून बोट नेलं. बाही उजवी. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. काजवाली पुढे सरकली, खिशांवरून गेली, आणि कॉलरपाशी परत थांबली. एकदा मास्टरीणीकडे बघितलं, एकदा कापडाकडे. हात कापडावर वरून खाली फिरवला, मग खालून वर.

"कॉलर उलटी आहे," ती म्हणाली. "कोटाची लव खाली जातेय, कॉलरची वर जाईल."

मास्टरीण पुढे आली. तिने स्वतःचा हात फिरवला, मग वाकून गाल टेकवला. बरोबर होतं. लव उलट्या दिशेने पडल्याने चाळीस कॉलरी उन्हात वेगळ्या रंगाच्या दिसल्या असत्या. छातीत धस्स झालं, तोंड कोरडं पडलं, कानशिलं गरम झाली, आणि त्या सगळ्यात तिच्या लक्षात आलं की आपल्याला वाटतंय. चांगलंच वाटतंय.

तिने ओल्या फडक्याने खडूची रेघ पुसली, पुठ्ठा फिरवला, नवी रेघ ओढली. मग खडू ठेवला आणि परत दोन पावलं मागे सरली.

"पुन्हा पहिल्यापासून वाच," ती म्हणाली.